खारेपाटातलं भाताचं मूळ



पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा सोडलं की जिते लागतं, मग हमरापूर आणि पेण. या पट्ट्यातून खाडीच्या अंगाला उतरलं की खारेपाट सुरू होतो. तिथे बांधाला खांड पडली आणि भरतीचं पाणी शिवारात शिरलं, की उभं भात करपतं. तरीही आपल्या वाडवडिलांनी अशाच खाऱ्या जमिनीत काळा राता, भुरा राता ही भातं पिकवली. ही भातं मीठ सोसतात कशी? उत्तर मुळात आहे.

पेरणीसाठी भिजवलेल्या भाताचा एक मोड हातावर घ्या. त्याच्या मुळाच्या टोकाशी पेशी सारख्या विभागत असतात. प्रत्येक नव्या पेशीत भाताची सगळीच जनुकं येतात. पण कोणतं जनुक जागं व्हायचं, हे पेशी मुळात कुठे आहे त्यावर ठरतं. बाहेरच्या थरातल्या काही पेशींना बारीक केस फुटतात. मधल्या थरातल्या काही पेशी विरून हवेच्या पोकळ्या होतात, म्हणून चिखलातही मूळ गुदमरत नाही. अगदी आतल्या काही पेशी मरून पाणी चढवणाऱ्या पोकळ नळ्या बनतात.

मिठाचा बंदोबस्त या नळ्यांभोवती होतो. बंगालकडच्या नोना बोक्रा या जुन्या भाताचा जपानी कोशिहिकारीशी संकर करून चिनी शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये 'एसकेसी-1' हे जनुक शोधलं. ते नळ्यांना लागून असलेल्या पेशींत काम करतं. पानांकडे निघालेल्या पाण्यातलं सोडियम या पेशी काढून घेतात, त्यामुळे पानांत मीठ कमी पोहोचतं. हे जनुक कोशिहिकारीतही आहे, पण नोना बोक्रातलं त्याचं रूप अधिक कार्यक्षम आहे.

अर्थात, यालाही मर्यादा आहे. रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात भात मिठाला लवकर बळी पडतं. त्या दिवसांत खाचरात गोडं पाणी टिकवायलाच हवं.

आज पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-1, 2 आणि 3 हे वाण उपलब्ध आहेत. ते जरूर लावा. पण घरात रात्याचं बियाणं असेल, तर दरवर्षी एका कोपऱ्यात तेही पेरत राहा. नव्या वाणांत घालायचा मीठ सोसण्याचा गुण शास्त्रज्ञांना अशा जुन्या भातांत सापडतो.