सम्यक आजीविका आणि आपले दुकान



आपल्या बार्शीटाकळीच्या पोरांनी नुसती नोकरीची वाट न पाहता धंद्यात उतरावे, असे आम्हाला मनापासून वाटते. पण धंदा कोणता आणि कसा, हे आधी ठरवावे लागते.

तथागतांनी अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. या पाचव्यापाशी आम्ही अडखळतो. कारण कपाशीवर मारतो ते 'औषध' म्हणजे विषच की! मग आपल्या पोराने कृषी केंद्र काढूच नये काय?

२०१७ साली आपल्याच वऱ्हाडात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, तोंडाला साधे फडके नाही, आणि पंपात दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. दुकानातून डबा नेतो शेतमालक. पाठीवर पंप घेतो मजूर. अन् तो मजूर पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो.

ज्याला हा धंदा टाळता येईल त्याने टाळावा. बियाणे, खत, अवजारे विकावीत, असे आमचे मत आहे. पण ज्याचे पोट त्यावरच आहे, त्याने निदान एवढे करावे. डब्यावरचा लाल त्रिकोण ही सर्वांत जहाल विषाची खूण. त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्याला हे तोंडाने समजावून सांगावे. गल्ला वाढावा म्हणून एकाच्या जागी तीन औषधे गळ्यात मारू नयेत. पक्के बिल द्यावे. उधारीवाला 'नाही' म्हणू शकत नाही, त्याचा फायदा घेऊ नये. खोटे बोलून माल खपवला, तर पंचशीलातले चौथे शील तिथेच मोडले.

परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी न करण्याची आणि खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. ती फक्त विहारात म्हणायची नाही, काउंटरवरही पाळायची आहे.

म्हणून डबा देताना एकच विचार करा : हा पंप उद्या माझ्या सख्ख्या भावाच्या पाठीवर असता, तर मी हेच दिले असते काय?

नमो बुद्धाय! जय भीम!