गाडी ओढत नाही तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, न्हावाशेव्याहून माल भरून निघालेला ट्रक खोपोलीपर्यंत व्यवस्थित येतो. बोरघाटाचा चढ लागला, की मात्र धापा टाकू लागतो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी वेग वाढत नाही. पाय जरा सैल केला, की पुन्हा जीव आल्यासारखा वाटतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘गाडी ओढत नाही.’ या तक्रारीमागे पुष्कळदा हातात मावेल एवढा एक डबा असतो. तो म्हणजे डिझेल फिल्टर.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला, की ते आपोआप पेटतं. हा फवारा मारणाऱ्या पंपाच्या आणि नोझलच्या भागांमधली फट जेमतेम काही मायक्रॉनची. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. कॉमन रेल इंजिनात तर डिझेलचा दाब १६०० बार किंवा त्याहूनही जास्त असतो. तिथे डोळ्यांना न दिसणारा कणही ओरखडे काढतो. फिल्टर तुंबला म्हणजे त्यानं आपलं काम केलं, असंच मी म्हणेन.

घाण येते कुठून? टाकीचा गंज, रस्त्यावरची धूळ, हरवलेल्या झाकणाच्या जागी कोंबलेल्या चिंधीचे धागे. हे चिंधीचं झाकण आपल्याकडे फार लोकप्रिय! पण खरा शत्रू पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या हवेतली वाफ रात्रीच्या गारव्यात पत्र्यावर थिजते आणि पाणी होऊन तळाशी बसते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर फिल्टरचा कागद बंद करतो. म्हणून मुक्कामी टाकी भरून ठेवावी. डिझेलचोरीच्या भीतीनं मालक ते करत नाहीत, आणि ती भीती अगदीच खोटी नाही.

लडाखची गोष्ट वेगळी. तिथे कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेणच गोठून फिल्टर बंद करतं. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल तिथे आणलं.

आता ओळखायचं कसं? रिकाम्यात इंजिन ठीक, चढावर मरगळ. बंद पडलं, पाच मिनिटं थांबून सुरू केलं, की थोडं चालतं आणि पुन्हा तेच. धूर काळा येत असेल तर आधी हवेचा फिल्टर पाहा. आणि टाकीचं झाकण उघडून बघा. ‘सूं’ असा आवाज होऊन हवा आत शिरली, तर झाकणाचं छिद्र बुजलेलं आहे. फिल्टर बिचारा निर्दोष!

फिल्टरखालचा ड्रेन कॉक सैल करून थोडं डिझेल बाटलीत घ्या. पाणी जड, ते खाली बसतं आणि रेघ स्पष्ट दिसते. शुद्ध डिझेल येईपर्यंत सोडा. तरीही सुधारणा नसेल तर फिल्टर बदला. कॉम्प्रेसरची हवा मारून तोच पुन्हा बसवायची पद्धत मला मान्य नाही. कागद फाटतो, गाडी झकास पळते, आणि कचरा थेट पंपात जातो. फिल्टरचा खर्च शेकड्यांत, फार तर काही हजारांत. पंप-नोझलचा त्याच्या कितीतरी पट.

नवा फिल्टर बसवल्यावर लाइनमध्ये हवा राहते. हँड पंप मारत ब्लीडिंगचा स्क्रू सैल ठेवा. बुडबुडे थांबून सलग धार आली, की आवळा. त्याआधी स्टार्टर मारत बसलात तर बॅटरी उतरेल. कॉमन रेल गाडीत जास्त दाबाच्या नळीचा नट मात्र रस्त्यावर सोडू नका. ती धार कातडीच्या आत शिरते, आणि जखम दिसते त्याहून गंभीर असते.

घाटात मरगळ जाणवताच, इंजिन चालू असतानाच गाडी कडेला घ्या. इंजिन बंद पडलं, की पॉवर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकच्या टाकीत नवी हवा भरत नाही. हँडब्रेक लावा, चाकामागे दगड लावा, मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवा. रात्री दिवे नसलेल्या उभ्या ट्रकवर मागून गाडी आदळल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आणि गाडी सुरू झाल्यावर तो दगड उचलून कडेला टाका. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तो अंधारात दिसत नाही.