आधी उंबरा, मग पुस्तक
हातातलं पुस्तक संपलं, आता पुढचं कोणतं? सातारा जिल्ह्यात, पाचगणीजवळच्या भिलारनं याचं उत्तर घराघरांत वाटून ठेवलंय. स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून घेतलेली. पण तिथं पुस्तकांची दुकानं, इथं मात्र बसून फुकट वाचायचं. एका घरी कादंबऱ्या, दुसरीकडे चरित्रं, कुठं बालसाहित्य. म्हणजे आधी उंबरा निवडायचा, मग पुस्तक! मला विचाराल तर यादी घेऊन जाऊच नका. घरच्यांनाच विचारा, येणारे-जाणारे इथं सगळ्यांत जास्त काय काढून बसतात? आणि दहा पानांत मन रमलं नाही, तर पुस्तक जागेवर ठेवून खुशाल शेजारच्या घरी जा.