समादियामि म्हणजे काय?



मी याच विहारात लहानाची मोठी झाले. पुणे विद्यापीठात पाली विषयात एम. ए. करायला गेले तेव्हा वाटलं, वंदना तोंडपाठ आहे, मग अवघड ते काय? पहिल्याच आठवड्यात घाम फुटला. पाली टेक्स्ट सोसायटीची (स्थापना १८८१) पुस्तकं रोमन लिपीत. सोबतच्या मुलींचं संस्कृत झालेलं, मला व्याकरणाचा गंध नाही. पहिल्या चाचणीत नापास झाले. घरी परतायला पिशवी भरली.

जाण्याआधी ग्रंथालयाची पुस्तकं परत द्यायला गेले. तिथे बाबासाहेबांच्या लेखनाचा सोळावा खंड दिसला. त्यात त्यांनी केलेला पालीचा शब्दकोश! शासनाने तो १९९८ साली छापला. ज्यांनी १९१५ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. मिळवली, ते पुढे एकेक पाली शब्द जमवत बसले. मी पिशवी रिकामी केली.

पुढे वर्गात 'समादियामि' शब्द उलगडला: मी स्वतः स्वीकारते. म्हणजे पंचशील ही कुणाची आज्ञा नाही, आपण आपल्यालाच दिलेला शब्द आहे. सुट्टीत आजीला सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्सं म्हणतीय, आज कळलं गं. म्हंजी शब्द मोडला तर दुसऱ्याला बोल लावता यायचा न्हाई."

दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास मी इथे पाली शिकवीन. वही-पेन आणा. मुलांबरोबर आयांनीही बसावं.