वर्गातील समूहमन आणि शिक्षक



एकेका बालकाच्या मनाचा विचार अध्यापक विद्यालयात सर्वांनीच केलेला असतो. परंतु शाळेत मूल एकटे नसते. इतरांच्या सान्निध्याने मनुष्याच्या विचारांत व वर्तनात जो पालट होतो, त्याचे शास्त्र म्हणजे सामाजिक मानसशास्त्र होय. त्यातील काही मूलभूत कल्पना शिक्षकास नित्य उपयोगी पडणाऱ्या आहेत.

पहिली कल्पना समूहप्रमाणकाची. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तेथे त्यांना कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपाई नसला म्हणजे तहान तशीच राही. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलात शिक्षकांनी त्यांना फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे हलविण्यास मुले धावली. त्या मुलांना तशी आज्ञा कोणी दिली नव्हती. समूहात काय चालते व काय चालत नाही याचा जो अलिखित नियम मनात रुजतो, तेच समूहप्रमाणक. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. मनातील प्रमाणक मात्र केवळ कायद्याने पालटत नाही.

दुसरी कल्पना समूहाच्या दडपणाची. अमेरिकेत सॉलोमन अॅश यांनी १९५१ च्या सुमारास रेषांची लांबी ताडून पाहण्याचे सोपे प्रयोग केले. सोबत्यांनी ठरवून एकमुखाने चुकीचे उत्तर दिले, की सुमारे एक तृतीयांश वेळा मनुष्य आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून त्यांच्या चुकीत सामील होई. परंतु एकाच सोबत्याने खरे उत्तर दिले, तरी ते दडपण बहुतांशी ओसरे. वर्गात तो ‘एक’ शिक्षकानेच व्हावयाचे असते.

तिसरी कल्पना रूढप्रतिमेची. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनी उत्तर भारतातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास दिले. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. जात उच्चारली नाही, तेव्हा सर्व मुलांची कामगिरी जवळजवळ सारखी होती. सर्वांसमक्ष जात जाहीर होताच तथाकथित खालच्या जातींतील मुले मागे पडली. मुले तशीच, बुद्धी तीच. पालटला तो एक उच्चार.

मनुष्य स्वतःची किंमत आपल्या समूहावरून करतो. यासच सामाजिक ओळख म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांसमवेत लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. इतरांनी लादलेली ओळख टाकून स्वतः निवडलेली ओळख समूहाने एकत्र स्वीकारली, हे त्या घटनेचे मानसशास्त्रीय मर्म होय. मुलास आपली मान उंच ठेवता यावी, हीच त्यामागील आकांक्षा.

आता कर्तव्याकडे वळू. शिष्यवृत्तीची यादी वाचताना प्रवर्गाचा उच्चार वर्गात करू नये. कागदपत्रे पालकांकडून स्वतंत्रपणे घ्यावीत. बैठक दर पंधरवड्यास बदलावी. पोषण आहाराच्या पंगतीत मुले आपोआप वेगळी बसत असतील, तर ‘त्यांची त्यांची आवड’ म्हणून दृष्टिआड करू नये. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली असे मांडले, की समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य आणि वडीलधाऱ्यांचा पाठिंबा या चार गोष्टी असल्या, म्हणजे समूहांच्या सहवासाने पूर्वग्रह कमी होतात. शाळेची बाग, भित्तिपत्रक, गणिताची गटकार्ये यांत या चारही गोष्टी साधता येतात. मात्र पाणी आणण्याचे काम एकाकडे व नायकपण नेहमी दुसऱ्याकडे, असे होऊ नये; तसे झाल्यास समान दर्जाच नाहीसा होतो.

गोणपाट आज वर्गात दिसत नाही. पण न दिसणारे गोणपाट कोणाच्या वाट्यास आले आहे काय, हे शिक्षकाने रोज एकदा वर्गाकडे दृष्टी टाकून पाहावे. शास्त्र शिकल्याचे सार्थक त्या एका दृष्टीत आहे.