घरातला बारा पौंड दाब

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गोटी सोड्याची बाटली आपल्यापैकी अनेकांनी हाताळली असेल. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तिच्यावर रबराची चकती. आतल्या वायूचा दाबच त्या गोटीला चकतीवर घट्ट धरून ठेवतो. वरून बूच नाही की फिरकीचे झाकण नाही. जो वायू बाहेर पडू पाहतो, तोच दार लावून बसतो. आज ज्या साधनाबद्दल मी बोलणार आहे, त्याचे तत्त्व हेच आहे. ते साधन म्हणजे घरी केलेली बिअर साठवण्याचे आणि नळाने काढून घेण्याचे पोलादी पिंप. अमेरिकेत त्याला केग म्हणतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी बिअर तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा हे भाषण म्हणजे कोणाला दिलेले निमंत्रण नव्हे. नोकरीच्या निमित्ताने मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात बारा वर्षे राहिलो. ते शहरच बिअरच्या कारखान्यांनी मोठे झालेले. तिथे शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त यंत्र-कारागिराकडून मी ही विद्या शिकलो. तिच्यात पिण्यापेक्षा समजून घेण्यासारखे जास्त आहे, म्हणून तिच्याविषयी बोलतो आहे.

अमेरिकेतही ही मुभा फार जुनी नाही. १९३३ साली तिथली दारूबंदी उठली, तेव्हा घरी वाइन करायला परवानगी मिळाली. बिअरला मिळाली नाही. त्यासाठी १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून तो अमलात आला. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन बिअर करता येते. ती विकायची मात्र नाही. तरीही प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा होताच. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी २०१३ मध्ये परवानगी दिली.

घरी बिअर करणारा माणूस साधारणपणे एका वेळी पाच गॅलन, म्हणजे १९ लिटर करतो. बार्लीचे माल्ट, हॉप्सची फुले, पाणी आणि यीस्ट एवढेच साहित्य. दोन-तीन आठवड्यांत आंबण्याची क्रिया संपते आणि हाती येते ती बुडबुड्यांशिवायची, सपक बिअर. ती बाटल्यांत भरायची तर पन्नासेक बाटल्या लागतात. प्रत्येक बाटली धुवायची, निर्जंतुक करायची, भरताना मोजकी साखर घालायची आणि वर पत्र्याचे बूच ठोकायचे. उरलेले यीस्ट ती साखर खाऊन वायू तयार करते आणि तो बिअरमध्ये विरघळतो. साखरेचा अंदाज चुकला किंवा आंबण्याची क्रिया पुरी होण्याआधीच बाटल्या भरल्या, तर काच फुटते. काचेला दाब मोजता येत नाही आणि जादा दाब सोडूनही देता येत नाही. केगचा जन्म बिअरसाठी झालेला नसला, तरी घरगुती बिअरवाल्यांना तो आवडला तो याच कारणासाठी. त्याला दाब मोजताही येतो आणि सोडताही येतो.

हे केग मुळात शीतपेयांच्या धंद्यातले. हॉटेलांतून कोका-कोला आणि पेप्सीचा गोड अर्क पूर्वी अशा पिंपांतून जात असे. पुढे तो अर्क खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून जाऊ लागला आणि हजारो पोलादी पिंपे मोडीत निघाली. ती घरगुती बिअरवाल्यांनी उचलली. कॉर्नेलियस या कंपनीच्या नावावरून त्यांना लाडाने ‘कॉर्नी’ म्हणतात. उंची दोन फुटांहून थोडी जास्त, रिकाम्याचे वजन चार किलोंच्या आसपास.

याचे झाकण लंबगोल असते. ते तिरके करून आत घालायचे आणि आतून वर ओढून बसवायचे. हॉकिन्सच्या कुकरचे झाकण आठवा, तसेच. आतला दाब जितका जास्त, तितके झाकण घट्ट. झाकणावर दाब सोडायची झडप असते. बाजूला दोन तोट्या असतात. एकीतून वायू आत जातो. तिची नळी आखूड. दुसरीतून बिअर बाहेर येते. तिची नळी थेट तळापर्यंत पोहोचते. झाकणाची एक मोठी आणि तोट्यांच्या चार लहान अशा पाच रबरी रिंगा या पिंपाचा सारा भार वाहतात. जुना केग घेतला की पहिले काम म्हणजे या पाचही रिंगा बदलणे. जुन्या रिंगांत पूर्वीच्या सरबताचा वास मुरलेला असतो, तो कितीही धुतला तरी जात नाही. धुतानाही क्लोरीनचे ब्लीच वापरायचे नाही; ते पोलादाला बारीक खड्डे पाडते.

आता वायूकडे वळू. कार्बन डायऑक्साइडचा पाच पौंडी सिलिंडर लागतो. त्याच्या आत वायू द्रवरूपात असतो, अगदी आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखा. म्हणून सिलिंडरच्या दाबाचा काटा शेवटपर्यंत एकाच जागी उभा राहतो आणि द्रव संपला की धाडकन खाली येतो. किती वायू उरला, हे काट्याला विचारायचे नाही, वजनकाट्याला विचारायचे. सिलिंडरमध्ये दर चौरस इंचाला सुमारे ८०० पौंड दाब असतो. रेग्युलेटर तो १२ पौंडांवर आणतो. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा त्यातला दाब साधारण १५ पौंड असतो. म्हणजे केगमधला दाब कुकरपेक्षाही थोडा कमीच.

भरण्याआधी केग निर्जंतुक करायचा, नळीने बिअर हळूच तळाशी सोडायची, झाकण लावून वायू आत घ्यायचा आणि झडप तीन-चार वेळा उघडून आतली हवा हाकलून द्यायची. हवेतला ऑक्सिजन राहिला, तर काही आठवड्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. मग केग तीन-चार अंश सेल्सिअसवर फ्रीजमध्ये ठेवायचा, दाब १२ पौंडांवर लावायचा आणि एक-दोन आठवडे त्याच्याकडे बघायचे नाही. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये सांगितलेला नियम बाकीचे काम करतो. ठरावीक तापमानाला द्रवात किती वायू विरघळेल, हे वरच्या दाबावर ठरते. या दाबाला आणि या थंडाव्याला बिअर स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट वायू पोटात घेते आणि थांबते. जास्तीचे ती घेतच नाही. ज्यांना धीर नसतो, ते दाब ३० पौंडांवर नेऊन केग हलवतात. काम लवकर होते, पण कुठे थांबायचे ते मग आपल्याला ठरवावे लागते.

यानंतर सगळ्यांना भेटणारी तक्रार म्हणजे फेस. नळ उघडला की ग्लासभर नुसता फेस. बहुतेक जण लगेच दाब कमी करतात. एक-दोन दिवस बरे वाटते, पण हेन्रीचा नियम सुटीवर जात नाही. वरचा दाब कमी झाला की बिअरमधला वायू बाहेर येऊ लागतो आणि आठवड्याभरात ती सपक होते. खरा उपाय नळीत आहे. पातळ, लांब नळीतून जाताना बिअरचा जोर घासून कमी होतो. आत १२ पौंडांचा जोर असेल, तर तीन सोळांश इंच व्यासाची आठ-दहा फूट नळी लागते. मग बिअर शांतपणे ग्लासात उतरते. शेजारचे आजोबा म्हणायचे, दाब हा बिअरसाठी लावायचा आणि नळी ही ग्लाससाठी.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले, ती. फ्रीज तळघरात ठेवायचे ठरले, तेव्हा आमची मुलगी चार वर्षांची होती आणि तळघर ही तिची खेळायची जागा होती. माझ्या पत्नीने एकच प्रश्न विचारला. “अहो, स्वयंपाकाचा गॅस गळला तर वास येतो. हा गळला तर कळणार कसं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. कार्बन डायऑक्साइडला वास नाही, रंग नाही आणि तो हवेपेक्षा दीडपट जड. तो खाली साठतो, म्हणजे मुलांच्या उंचीवर. मी कागद घेऊन हिशेब मांडला. पाच पौंड वायू मोकळा झाला तर साधारण सव्वा घनमीटर जागा व्यापतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा बंद खोलीत तो सगळा सुटला, तर हवेतले त्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या वर जाते. चार टक्के हे प्रमाणच जिवाला तातडीचा धोका मानले जाते. वजनाने पाच पौंडी वाटणारी वस्तू एवढे करू शकते.

तळघराचा बेत तिथेच संपला. फ्रीज आणि सिलिंडर गॅरेजमध्ये गेले. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधला, कारण तो पडून त्याची मान मोडली तर ८०० पौंडांचा दाब त्याला कुठेही फेकू शकतो. हवेतला हा वायू मोजून भोंगा वाजवणारे यंत्र गुडघ्याच्या उंचीवर लावले. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र इथे उपयोगाचे नाही; तो वायू वेगळा. आणि प्रत्येक जोडणीनंतर आपल्या घराघरांतला जुना उपाय केला: साबणाचा फेस. झाकणाच्या कडेला, दोन्ही तोट्यांना, रेग्युलेटरच्या नटाला फेस लावायचा आणि बुडबुडा फुगतो का ते पाहायचे. पाच पौंडी सिलिंडर आठ-दहा केगना पुरतो. तो तीन-चार केगांतच संपला, तर वायू कुठेतरी गळतो आहे, हे नक्की समजावे.

आणखी एक नियम. दाब पूर्ण काढल्याशिवाय तोटीला पाना लावायचा नाही. झाकण कुकरसारखे दाबाखाली उघडत नाही, पण तोटी सुटली तर गोळीसारखी उडते. २०१२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका ब्रुअरीत प्लास्टिकचा केग साफ करताना त्यात त्याला न पेलणाऱ्या दाबाची हवा गेली. केग फुटला आणि एक तरुण कामगार प्राणाला मुकला. ती जागा व्यावसायिक होती, साधनेही रोजच्या वापरातली होती. केग किती दाब सोसतो आणि त्यात किती दाब जातो आहे, हे दोन्ही आकडे ठाऊक असल्याशिवाय हवा सोडायची नसते. घरात तर हे पाहायला दुसरे कोणीच नसते.

या साधनाचा निर्धोक उपयोगही सांगतो. सोडावॉटरची कल्पनाच मुळी ब्रुअरीतून आली. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ब्रुअरीशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रिस्टलीने १७६७ मध्ये आंबणाऱ्या पिंपांवर साठणारा हाच वायू पाण्यात मुरवला होता. आमच्याकडे दुसरा केग आला, तो मुलीसाठी. त्यात कधी साधे पाणी, कधी गाळलेले कोकम सरबत. सोड्याला दाब जास्त लागतो, म्हणून त्याचा रेग्युलेटर वेगळा. सरबतवाल्या पिंपाला असे पुन्हा त्याचे जुने काम मिळाले आणि आपल्याकडे यासाठी कोणाचा परवाना लागत नाही.

कायद्याने एखादी गोष्ट घरात आणायची मुभा दिली, म्हणजे ती निर्धोक झाली असे नाही. कारखान्यात दाबाच्या टाकीवर तपासनीस असतो, नोंदवही असते. घरात त्या दोन्हींच्या जागी आपणच असतो. मी पाहिलेले चांगले घरगुती ब्रुअर चवीबद्दल मनापासून बोलत, पण नवा केग जोडला की त्यांचा हात आधी ग्लासाकडे जात नसे. तो जात असे साबणाच्या पाण्याकडे.