हँडब्रेक, केबल आणि डिकीतला चिरा

आजचा भाग मी नखांत काळं ग्रीस असताना रेकॉर्ड करतोय. दोनदा साबण लावला, निघत नाहीये. राहू दे.

आज बोलायचंय हँडब्रेकबद्दल. हो, दोन सीटच्या मधला तो दांडा. आपण तो ओढतो, दार लावतो आणि विसरून जातो. मी पण तसाच होतो.

आमच्या घरी बाबांची २००७ ची छोटी हॅचबॅक आहे. घर चिपळूणला, आणि अंगण म्हणजे सरळ चढच. मी पुण्यात कोड लिहितो, सुट्टीला गावी जातो. गेल्या जुलैत असाच गेलो होतो. बाजारातून आलो, गाडी चढावर लावली, हँडब्रेक ओढला, उतरलो. आई मागे जाऊन डिकीतून तांदळाची पिशवी काढत होती. आणि गाडी हलली. अगदी सावकाश, आवाज न करता. आई दोन पावलं मागे सरली, बंपर तिच्या गुडघ्याला लागला आणि बाबांनी नेहमीच्या सवयीने टायरमागे चिऱ्याचा तुकडा सरकवला. गाडी थांबली.

आई हसली. म्हणाली, "अरे, ती अशीच करते." मला मात्र हसू आलं नाही.

"अशीच करते" म्हणजे किती दिवस? तर दोन वर्षं! या दोन वर्षांत गाडी दोनदा गॅरेजला गेली होती, दोन्ही वेळा केबल घट्ट करून परत आली होती. महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. म्हणून डिकीत कायमचा चिरा. आमच्या क्षेत्रात याला वर्कअराउंड म्हणतात. बग तसाच, फक्त त्यावर दगड ठेवलेला.

आता जरा हिशोब करू. साधारण ८०० किलोची गाडी. चढ दहा फुटांना एक फूट असा धरा. ती गाडी उताराकडे ओढणारं बल येतं साधारण ८० किलो वजनाइतकं. म्हणजे एक धडधाकट माणूस चोवीस तास गाडीला लोंबकळतोय असं समजा. ते सगळं पेलायचं काम एका तारेवर आणि मागच्या दोन चाकांवर.

हे चालतं कसं? पायाचा ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. हँडब्रेक पूर्ण वेगळा, निव्वळ तारेवर. मुद्दामच तसा ठेवलेला असतो, कारण ऑइलचा ब्रेक गेला तरी हा उरावा. दांडा ओढला की दातेरी पट्टीवर खटका बसतो, टक् टक् टक्. दांड्याला जोडलेली केबल गाडीखाली दोन फाट्यांत जाते, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. मध्ये एक छोटी पट्टी दोघांना सारखा ताण वाटून देते, तिला इक्वलायझर म्हणतात. चाकाच्या आत ड्रम, ड्रमच्या आत दोन ब्रेक शू. केबल आतला एक लिव्हर ओढते, शू फाकतात आणि ड्रमला आतून घट्ट धरतात.

यात बिघडायच्या जागा मोजक्याच. केबल ताणली गेली असेल. केबल गंजून अडकली असेल. शूचं लायनिंग झिजलं असेल. शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा अ‍ॅडजस्टर जाम झाला असेल. किंवा व्हील सिलिंडर गळून शू ऑइलने भिजले असतील. पाच कारणं, आणि लक्षण एकच: गाडी घसरते.

शेजारी एक काका आहेत, आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेले. मी त्यांना म्हटलं, "काका, केबल अजून थोडी घट्ट करूया का?" ते म्हणाले, "केबलला शेवटी हात लावायचा. आधी चाकात बघ. आत काय चाललंय ते न बघता तार ओढत बसलास तर ताप गेला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं होईल."

रविवारी पावसाने उघडीप दिली. गाडी सपाट जागेवर घेतली, पहिल्या गिअरमध्ये ठेवली, पुढच्या दोन्ही टायरना पुढून-मागून दगड लावले. मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. हे नीट ऐका: नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

मग काकांनी एक साधी टेस्ट सांगितली. दांडा पूर्ण खाली. दोन्ही चाकं हाताने फिरवा. डावं चाक मोकळं फिरलं. उजवं घासत होतं. आता एकेक क्लिक ओढत जा. पाचव्या क्लिकला उजवं आवळलं. डावं? नवव्या क्लिकलासुद्धा मजेत फिरत होतं.

म्हणजे दोन वर्षं आमची गाडी एकाच चाकावर उभी होती.

डाव्या केबलचं चाकाकडचं टोक बघितलं. तिथलं रबरी बूट फाटलेलं. त्यातून कोकणातला पाऊस आणि लाल चिखल आत गेलेला. बाहेरून नळी अगदी छान दिसत होती, आतली तार मात्र गंजून नळीलाच चिकटलेली. केबल काढून हाताने ओढली तर तसूभर हलेना.

आता खरी गंमत उजव्या बाजूला. केबल दोनदा घट्ट केल्यामुळे उजवे शू दांडा खाली असतानाही ड्रमला टेकलेले राहायचे. गाडी चालायची तेव्हा ते सतत घासत होते. बाबा म्हणायचे ना, बाजारातून आलं की उजवं मागचं चाक गरम लागतं! शिवाय केबल अशी कायम ताणलेली असली की अ‍ॅडजस्टरला त्याचं काम धड करता येत नाही. ड्रम उघडला तेव्हा उजवं लायनिंग जवळजवळ संपलेलं होतं. जे एक चाक काम करत होतं, तेच आमच्या दुरुस्तीने खाऊन टाकलं होतं.

ड्रम काढताना तो निघत नव्हता. मी हातोडा उचलला, काकांनी काढून घेतला. आमच्या ड्रमला दोन आटे पाडलेली भोकं होती. त्यात ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळले, ड्रम आपोआप बाहेर आला. आतली काळी धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. ती फुप्फुसात जाते. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा. आणि ड्रम बाहेर असताना कोणीही ब्रेकचं पेडल दाबायचं नाही, नाहीतर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात.

स्प्रिंगा काढण्याआधी फोटो काढले. एका वेळी एकच बाजू उघडली, म्हणजे दुसरी बाजू बघून जुळवता येते. हा आमचा बॅकअप. सिलिंडरच्या रबराखाली ओल आहे का बघितलं, कोरडं होतं. ओलं असतं तर मी तिथेच थांबलो असतो आणि मेकॅनिकला बोलावलं असतं. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, तो मोजून बघितला. ड्रम अजून चांगले होते. शू मात्र दोन्ही चाकांचे नवीन घेतले. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक एका बाजूला ओढतो. केबलही दोन्ही नवीन. अ‍ॅडजस्टरचे आटे ब्रशने साफ केले.

मग क्रम महत्त्वाचा. ड्रम बसवले, पेडल बऱ्याचदा दाबलं, तेव्हा आतला अ‍ॅडजस्टर अंतर जुळवून घेतो. दांडा खाली ठेवून दोन्ही चाकं मोकळी फिरतात हे बघितलं. आणि सगळ्यात शेवटी केबल. सहाव्या क्लिकला दोन्ही चाकं एकदम आवळली. तुमच्या गाडीला किती क्लिक हवेत ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते बघा. चाकाचे नट समोरासमोरचे पिळले, पेडल घट्ट लागतंय याची खात्री केली, मगच गाडी हलवली.

त्याच चढावर टेस्ट घेतली. मागे कोणी नाही, आईला व्हरांड्यात बसवलं. पाय सावकाश उचलला. गाडी उभी.

जाता जाता तीन सवयी सांगतो. एक, चढावर लावताना पायाचा ब्रेक धरा, न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, पाय सोडा. वजन हँडब्रेकवर बसलं की मग गिअर टाका. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. दोन, पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागा बघा, गिअर टाका, टायरला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. नाहीतर ओलसर हवेत शू ड्रमलाच चिकटतात. तीन, क्लिक मोजा. आकडा वाढत चालला असेल तर गाडी तुम्हाला काहीतरी सांगतेय. आणि गॅरेजमध्ये कोणी लगेच केबल घट्ट करायला लागलं तर एवढंच विचारा, "दादा, आधी दोन्ही चाकं उचलून बघता का?"

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दोन वर्षं दर फोनवर मी "सगळं ठीक ना?" विचारत होतो, आणि आई-बाबा "ठीक" म्हणत होते. त्यांच्या दृष्टीने ठीकच होतं, डिकीत चिरा होता ना. घरच्यांच्या "अशीच करते" मध्ये काय काय दडलेलं असतं, ते प्रत्यक्ष जाऊनच बघावं लागतं.

चिरा अजून डिकीत आहे. मी काढायला गेलो तर बाबा म्हणाले, "असू दे, पाणी मागतोय का तो?"

आज रात्री गाडी लावाल तेव्हा मोजा, किती क्लिक होतात. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!